बाबांच्या ६१२ कॅसेटी: साठवण, बॅकअप आणि झालेल्या चुका

बाबांनी १९७९ ते १९९८ या काळात रेडिओवरून आणि घरगुती मैफलींत रेकॉर्ड केलेलं गाणं मी संगणकावर उतरवून घेतेय. त्या कामाच्या या नोंदी. ज्यांच्या घरी अशीच एखादी ट्रंक आहे त्यांचे काही तास आणि काही पैसे यातून वाचावेत.

११ जून २०२३, सांगली

ट्रंक आणि दोन खोकी मिळून ६१२ कॅसेटी निघाल्या. ४३० नव्वद मिनिटांच्या, १८२ साठच्या. म्हणजे ८२७ तास. कॅसेट वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरवायला लागतो, त्यात घाई चालत नाही.

खरं तर कॅसेटी ६४९ होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं, तेव्हा खालच्या फळीवरच्या ३७ चिखलात गेल्या. घर धुताना आम्ही त्या बाकीच्या सामानाबरोबर टाकून दिल्या. भिजलेली टेप स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवली तर पुष्कळदा वाजते, हे मला चार वर्षांनी कळलं. कुणाच्या घरी पाणी शिरलं तर कृपा करून कॅसेटी फेकू नका.

बाबांनी प्रत्येक डबीच्या कडेला लाल स्केचपेनने नंबर घातलाय आणि नंबरवार तपशील दोन वह्यांत लिहिलाय: तारीख, गायक, राग, साथीला कोण. पहिली वही धड आहे. दुसरी पुरात भिजली. २०१ ते ३४० ची पानं एकमेकांना चिकटलीत आणि शाई पसरलीये.

२४ जून २०२३

बाबांचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) या कामाला चालणार नाही, मोटर थरथरते. जुना कॅसेट डेक घेतला, ७,००० रुपये. घरी आणून लावला तर चक्र फिरेना. उघडून पाहिलं तर आतल्या बेल्टचं डांबर झालं होतं, बोटाला काळं लागलं ते दोन दिवस निघालं नाही. मिरजेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी पुल्या स्पिरिटने पुसून नवे बेल्ट घातले आणि रबरी रोलर बदलला. ९०० रुपये. वापरलेला डेक घेताना हा खर्च धरूनच चाला.

२ जुलै २०२३

सुरुवात केली. डेकच्या हेडफोनची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात, आणि फाइल एमपीथ्री १२८ मध्ये, जागा वाचावी म्हणून. पहिल्या दिवशी तीन कॅसेटी झाल्या.

३० जुलै २०२३

४१ कॅसेटी झाल्यावर लक्षात आलं की सगळं वाया गेलंय.

मारवा राग ऐकत होते. आलाप आणि द्रुतातल्या ताना एकाच आवाजात येत होत्या. गायक हळू झाला की मागची खरखर वर उसळायची, त्याने आवाज चढवला की सगळं दबायचं. लॅपटॉपची माइकची वाट बोलण्यासाठी असते. ती आवाज आपोआप सारखा करते आणि दोन्ही चॅनेल एकच करून टाकते. शिवाय एमपीथ्रीत टाळीसारखे, तबल्याच्या चाटीसारखे आवाज पाण्यात भिजल्यासारखे येत होते. एमपीथ्री फोनवर ऐकायला ठीक आहे. मूळ प्रत म्हणून ती ठेवू नये, कारण त्यातून जे गाळलं गेलं ते परत कधीच भरता येत नाही.

सुमारे ५६ तास गेले. सगळ्या ४१ पुन्हा कराव्या लागणार.

उपाय: लाइन-इन (डेकचा आवाज जसाच्या तसा आत घ्यायची वाट) असलेलं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतलं, ५,४०० रुपये. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून वायर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. एखादी तिहाई अचानक जोरात येते, तिच्यासाठी जागा मोकळी लागते.

६ ऑगस्ट २०२३

हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन. यावर मी तीन रविवार घालवले आणि ते सार्थकी लागले.

बाबांनी रेकॉर्ड केलं त्या यंत्राचं हेड आणि माझ्या डेकचं हेड एकाच कोनात बसलेलं नाही. केसभराचा फरक असला तरी वरचे स्वर बोथट होतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा आधी नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवली. मग दोन्ही चॅनेल एकत्र करून हेडफोन लावला, आणि कॅसेटच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत गेले. आधी तानपुरा कांबळ्याखाली झाकल्यासारखा येतो. फिरवत फिरवत एका जागी जवारी, म्हणजे तारांची झणकार, एकदम उघडते. त्या जागेच्या जरा पुढे गेलं की पुन्हा झाकते. जवारी उघडली की थांबायचं, आणि मगच रेकॉर्ड करायचं.

बाबांनी वीस वर्षांत यंत्रं तीन वापरली, त्यामुळे नंबरांचे तीन गट पडतात आणि गटात एकच कोन बहुतेक चालतो. तरी प्रत्येक कॅसेट लावताना कान देतेच.

वेगाचीही भानगड आहे. पहिल्या यंत्राने रेकॉर्ड करताना टेप हळू ओढली होती, म्हणून आता ती जलद वाजते. जे गायक इतर सगळ्या कॅसेटींवर पांढरी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत) गातात तेच इथे काळी एकमध्ये ऐकू येतात. एका पट्टीचा फरक म्हणजे जवळपास सहा टक्के वेग. हे मूळ फाइलमध्ये दुरुस्त करत नाही, फक्त ऐकायच्या प्रतीत करते. उद्या माझा अंदाज चुकला असं ठरलं तर मूळ तसंच हवं.

२७ ऑगस्ट २०२३

साठवणीचा हिशोब. या पद्धतीने एका तासाला एक जीबीहून थोडं जास्त लागतं, म्हणजे ८२७ तासांना साधारण ८५७ जीबी. फ्लॅक या फाइल लहान करणाऱ्या प्रकारात बदलल्यावर माझ्या कॅसेटींचं ते बासष्ट टक्क्यांवर येतंय, कारण खरखर फारशी दाबली जात नाही. ५३० जीबी धरलेत. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही गळत नाही. दोन टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या, ५,८०० ला एक. मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोन्हींत यायला नको.

१७ सप्टेंबर २०२३

फाइलींच्या नावांनी छळलं. मी हौसेने पूर्ण नावं देत होते: गायक, राग, तालाचं नाव, साथीदार, ठिकाण, तारीख, सगळं देवनागरीत. भाच्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर कॉपी करायला गेले तर चौदा फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून अडल्या. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि तेवढी एका जुगलबंदीच्या नावातच संपतात.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ‘दुसऱ्या बैठका’ नावाचे दोन फोल्डर झाले होते. दिसायला अगदी सारखे. एक मी संगणकावर टाइप केला होता, एक फोनवर. ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. ‘वारा’, ‘दुसरा’ यांची सामान्यरूपं वापरणाऱ्या आपल्या भाषेत हे कुठेही घडू शकतं. अर्ध्या फाइली एका फोल्डरात आणि अर्ध्या दुसऱ्यात, आणि शोधायला गेलं की एकच सापडतो.

तेव्हापासून फाइलच्या नावात फक्त बाबांचा चार आकडी नंबर आणि बाजू, तेही इंग्रजी आकड्या-अक्षरांत. बाकीचं सगळं फाइलच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतच लिहिता येणाऱ्या माहितीत) आणि एक्सेलमध्ये देवनागरीत. बाबांचा नंबर बदलायचा नाही, हा पहिला नियम. वही, डबी आणि फाइल यांना बांधणारा तोच एक धागा आहे.

२६ नोव्हेंबर २०२३

हे लिहायला दोन आठवडे लागले.

दिवाळीच्या आधी लॅपटॉपवर जागा कमी पडत होती, म्हणून ०१३१ ते ०१६८ या ३८ कॅसेटींच्या फाइली लॅपटॉपवरून काढून टाकल्या. डिस्कवर आहेत या भरवशावर. दोन्ही डिस्क कायम जोडलेल्या असायच्या आणि रोज रात्री अकराला एक प्रोग्रॅम लॅपटॉप आणि डिस्क ‘एकसारखे’ करायचा. त्याने त्या रात्री ते काम चोख केलं. लॅपटॉपवर नाही, म्हणून पहिल्या डिस्कवरून काढल्या. मग दुसऱ्यावरून. मला कळलं चार दिवसांनी, बहीण दिवाळीला आली आणि अभोगी राग लाव म्हणाली तेव्हा.

डिलीट झालेल्या फाइली काढून देणारा प्रोग्रॅम चालवला. २२ मिळाल्या, नावं हरवलेली. त्यातल्या किती शेवटपर्यंत धड आहेत हे सांगायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. म्हणून ३८ च्या ३८ पुन्हा उतरवल्या, ५१ तास.

०१४७ पुन्हा लावताना तुटली. पहिल्या वेळी ती व्यवस्थित वाजली होती. या वेळी डेकने टेप ओढून रोलरला गुंडाळली. डबी उघडून, टेप सोडवून, चुरगळलेला तुकडा कापून स्प्लायसिंग टेपने (टेप जोडायच्या चिकटपट्टीने) जोडली. कापलेला तुकडा अकरा सेंटीमीटरचा. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर धावते, म्हणजे सव्वादोन सेकंद गेले. विलंबित एकतालातली समेवर येतानाची जागा होती. गायिका मुखडा उचलते, आणि मग एकदम पुढची मात्रा. तो तुकडा मी डबीत कागदात घालून ठेवलाय.

ती फाइल पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडे पूर्ण होती.

काय बदललं: आपोआप चालणारं सगळं बंद. कॉपी एकाच दिशेने, लॅपटॉपकडून डिस्ककडे, आणि कॉपीला काहीही काढून टाकायचा अधिकार नाही. आधी नुसती यादी दाखवणारी चाचणी चालवायची, यादी वाचायची, मग खरी कॉपी. डिस्क जोडायची फक्त त्या वेळी. काम झालं की वायर काढून कपाटात. दोन डिस्क कधीही एकाच वेळी जोडायच्या नाहीत. एकसारखं ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, चूकसुद्धा त्यात तितक्याच इमानाने एकसारखी होते.

१४ जानेवारी २०२४

आता प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या माहितीवरून संगणकाने काढलेला एक छोटा आकडा, यादीत ठेवते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी चेकसम वेगळा येतो. ते बघितल्यावर तीन फाइली दुसऱ्या डिस्कवर चुकीच्या निघाल्या. आकार तोच, नाव तेच, मध्येच खराब. ऐकून कधी कळलं नसतं, कारण ८२७ तास पुन्हा कोण ऐकणार. कारण शोधलं: डिस्क स्वस्त यूएसबी हबमधून लावत होते. थेट लॅपटॉपला लावून पुन्हा कॉपी केल्या, तेव्हापासून एकही चूक नाही. फ्लॅक फाइलच्या पोटात मूळ आवाजाचा चेकसम आधीच असतो, त्यामुळे फ्लॅकची स्वतःची तपासणी चालवली तरी निम्मं काम होतं.

२१ एप्रिल २०२४

चुलतभावाने २००५ मध्ये काही कॅसेटींच्या सीडी करून दिल्या होत्या, ६४. त्यातल्या १९ वाचल्या जात नाहीत. ज्यांच्यावर कागदी स्टिकर चिकटवले होते त्यांचा वरचा पापुद्रा स्टिकरबरोबर सुटलाय. उरलेल्या उतरवून घेतल्या. कॅसेट चाळीस वर्षांनी वाजतेय आणि सीडी वीस वर्षांत गेली, म्हणून उतरवून झाल्यावर कॅसेट टाकून द्यायचा विचार कुणीही करू नये.

२८ जुलै २०२४

पाऊस. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चढतंय. सांगलीत चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस धोक्याची, आणि प्रत्येक घरात सध्या त्या एकाच आकड्याची चौकशी. मी डिस्ककडे बघत बसले होते. दोन्ही एकाच कपाटात, कपाट त्याच घरात, घर त्याच नदीकाठी. पुराच्या हिशोबाने ती एकच प्रत होती.

तिसरी डिस्क घेतली, तीही ५,८००. तोपर्यंत झालेलं सगळं तीत भरलं, चेकसम तपासले, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली, वर तारीख लिहिली आणि पाऊस ओसरल्यावर साताऱ्याला बहिणीकडे नेऊन दिली. दर चार महिन्यांनी घरची एक डिस्क तिकडे जाते आणि तिकडची इकडे येते.

इंटरनेटवर सगळं चढवायचा हिशोब केला होता. आमच्याकडे चढवायचा वेग २० एमबीपीएस, म्हणजे ५३० जीबीला न थांबता साठ तास, आणि पावसाळ्यात वीज न जाता साठ तास मिळत नाहीत. शिवाय दर महिन्याचं भाडं, आणि भरायचं राहिलं तर सगळं गेलं. तिथे फक्त घरगुती मैफलींच्या ९० कॅसेटी ठेवल्यात, खासगी. रेडिओवरचं गाणं निदान आकाशवाणीने एकदा वाजवलंय. या ९० चं दुसरं अस्तित्व जगात कुठेही नाही. रेडिओचं रेकॉर्डिंग मी जाहीर ठिकाणी टाकलेलं नाही, टाकणारही नाही. त्यावर आमचा हक्क नाही.

१८ ऑगस्ट २०२४

२६ कॅसेटींवर पांढरी बुरशी. आधी नकळत एक लावली, तर बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या दोन कॅसेटींवर गेली. आता अशांसाठी बाबांचा टू-इन-वन वापरते, नुसती टेप पुढे-मागे करून मऊ कापडावर पुसून घ्यायला. मग रिकाम्या नव्या डबीत टेप घालायची आणि मग डेकवर. प्रत्येक कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसायचं. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि तोंडाला रुमाल बांधून करा, मला आठवडाभर खोकला झाला.

८ डिसेंबर २०२४

आज बॅकअप परत उतरवून पाहिला. दीड वर्षात पहिल्यांदाच, आणि हे मी पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं.

भाच्याचा रिकामा लॅपटॉप घेतला, साताऱ्याहून आलेली डिस्क लावली आणि स्वतःला अट घातली की दुसरं काहीही बघायचं नाही. लॅपटॉप, घर, वह्या सगळं गेलंय असं समजायचं. फाइली सगळ्या आल्या. चेकसम सगळे जुळले. ०२३१ लावली, आवाज स्वच्छ. मग विचारलं, हे कोण गातंय? आणि उत्तर डिस्कवर कुठेच नव्हतं. एक्सेलची यादी लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरात राहिली होती, तिची कॉपी कधी झालीच नव्हती. डब्यांमधल्या कागदांचे फोटो माझ्या फोनमध्ये. टॅग मी फक्त ऐकायच्या प्रतींना दिले होते, मूळ फाइलींना नाही. सहाशे तासांचं गाणं होतं, पण कोणाचं, कधीचं, कुठलं, याचा एक शब्द नव्हता.

आई शेजारीच मटार सोलत होती. मूळ फाइल असल्यामुळे त्यात गाण्याआधीची चार मिनिटंही होती. ऐकायच्या प्रतीतून ती मी कापून टाकली होती, कारण त्यात नुसता तानपुरा लावणं, कपबशांचा आवाज आणि बोलणं. त्या बोलण्यात एक तान्हं मूल रडतं. आईचे हात थांबले. म्हणाली, “ही धाकटी. उद्या बारसं होतं आणि मिरजेचे काका आदल्या रात्री गायला बसले होते. तुझ्या बाबांनी मला आत जाऊ दिलं नाही, म्हणाले, राहू दे, येऊ दे रेकॉर्डात.”

०२३१ वहीच्या भिजलेल्या पानांतली. तारीख नव्हती. बहिणीचा जन्म नोव्हेंबर १९८३ चा, त्यावरून बारशाची आदली रात्र काढली. आधीच्या ०२१७ वर वसंतराव देशपांडे गेल्याची बातमी निवेदक सांगतो, ते ३० जुलै १९८३ ला गेले. क्रम बरोबर लागतो. संध्याकाळी बहिणीला फोनवर ती चार मिनिटं ऐकवली. ही डिस्क चार महिने तिच्याच कपाटात होती.

आता: यादी त्याच फोल्डरात, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणजे एक्सेल नसलं तरी उघडेल. डब्यांच्या कागदांचे आणि वह्यांच्या पानांचे फोटो शेजारी. मूळ फाइलींनाही टॅग. यादीची छापील प्रत प्रत्येक डिस्कच्या डब्यात, छपाईला १५० रुपये. आणि मूळ फाइलीत गाण्याच्या आधीचं, नंतरचं काहीही कापायचं नाही.

(ही भर नंतरची.) त्यानंतरचे पाच रविवार आईला कापलेले तुकडे ऐकवले. भिजलेल्या पानांतल्या १४० पैकी २३ कॅसेटींच्या तारखा किंवा जागा तिने सांगितल्या. ती सांगते ते मी ‘आईची आठवण’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिते, बाबांच्या नोंदीत मिसळत नाही.

२३ फेब्रुवारी २०२५

६०७ झाल्या. पाच राहिल्यात: ०३१२, ०३१३ आणि ०३१४ एकाच खरेदीतल्या, टेप चिकट झालीये आणि डेकमध्ये किंचाळते. ०५५० ची टेप आत उलटी वळलीये. ०००९ सापडत नाही, डबी आहे, आत कॅसेट नाही.

खर्च: डेक आणि दुरुस्ती ७,९००, इंटरफेस ५,४००, तीन डिस्क १७,४००, अल्कोहोल, कापूस आणि स्प्लायसिंग टेप ६५०, रिकाम्या डब्या ४००, छपाई १५०. एकूण ३१,९०० रुपये. वाया गेलेले तास १०७, त्यात हेडचे तीन रविवार धरलेले नाहीत.

गुढीपाडव्याला साताऱ्याची डिस्क परत आणायची आणि पुन्हा रिकाम्या लॅपटॉपवर उतरवून बघायची. ०००९ साठी आधी ट्रंक आणि खोकी पुन्हा बघायची, कदाचित अजून त्यांतच असेल.